पाच वर्षे म्हणजे पाच वर्षे : मधू लिमये, संसद आणि आणीबाणीचे अधिकार

गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या संविधान अभ्यासवर्गात एक मुलगा हातात कागद घेऊन आला. वस्तीतल्या पाण्याच्या प्रश्नावर मोर्चा काढायचा होता. त्याच्या दोन दिवस आधी पोलीस ठाण्यातून त्याला नोटीस आली होती. 'तुमच्या हातून दखलपात्र गुन्हा घडण्याची शक्यता आहे, तसे झाल्यास तुम्हाला जबाबदार धरले जाईल,' अशा अर्थाचा मजकूर आणि खाली सही-शिक्का. मुलगा घाबरला होता. त्याची आई त्याहून जास्त घाबरली होती. मोर्चाला जाऊ नको, असे तिने त्याला बजावले होते.

चळवळीत काम करणाऱ्यांना अशा नोटिसा नव्या नाहीत. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली यायच्या, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येतात. त्या दिवशी आम्ही ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि प्रतिबंधक कारवाईचा कायदा वाचायला घेतला. जमावबंदी, शांततेचा बाँड, अटकेची कारणे या प्रत्येक मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल शोधताना एकच नाव पुन्हा पुन्हा समोर आले : मधू लिमये. वर्गातल्या पंचवीस जणांपैकी दोघांनी ते ऐकले होते. "वकील होते का?" असे एकीने विचारले.

ते वकील नव्हते. ते खासदार होते, पुण्याचे होते आणि निवडून मात्र बिहारमधून येत होते. सरकारच्या आणीबाणीच्या अधिकारांशी ते आयुष्यभर भांडले, कधी सभागृहात, कधी न्यायालयात, तर कधी तुरुंगातून. आणीबाणी म्हटली की आपल्याला २५ जून १९७५ ची रात्र आठवते. लिमये यांची कारकीर्द नीट पाहिली की वेगळी गोष्ट लक्षात येते. असे अधिकार एका रात्रीत आकाशातून पडत नाहीत. ते आधीपासून कायद्यात असतात, सवयीने वापरले जातात, आणि त्यांना रोखण्याची सवयही आधीपासूनच असावी लागते. हा लेख त्या सवयीबद्दल आहे.

पुणे, धुळे, गोवा

मधू लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना ते समाजवादी चळवळीत ओढले गेले. एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे यांच्या सहवासात ते घडले. दुसऱ्या महायुद्धाला विरोध केला म्हणून १९४० मध्ये त्यांना तुरुंगवास झाला आणि त्यांनी तो धुळ्याच्या तुरुंगात काढला. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत होते. १९४३ मध्ये पकडले गेले आणि १९४५ पर्यंत स्थानबद्ध राहिले. स्थानबद्ध म्हणजे आरोपपत्र नाही, खटला नाही आणि सुटकेची तारीखही नाही. हा अनुभव त्यांनी विशीतच घेतला.

१९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते पोर्तुगीज हद्दीत शिरले. पोलिसांनी त्यांना बेदम मारले. लष्करी न्यायाधिकरणाने बारा वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी बचाव केला नाही की अपीलही केले नाही. सुमारे एकोणीस महिन्यांनी, १९५७ मध्ये, त्यांची सुटका झाली.

म्हणजे लोकसभेत पाऊल ठेवण्याआधी त्यांनी ब्रिटिशांचाही तुरुंग पाहिला होता आणि पोर्तुगीजांचाही. स्वतंत्र भारताचा तुरुंग अजून बाकी होता.

संविधानातच असलेले अधिकार

इथे एक अवघड प्रश्न येतो. तो आमच्या वर्गातही आला, आणि तो टाळणे बरे नाही. आणीबाणीची तरतूद संविधानातच आहे. कलम ३५२ ते ३६० हा अख्खा भाग तिच्यासाठी आहे. ज्या संविधानाला आपण आपला आधार मानतो, त्यात हे अधिकार आलेच कसे?

संविधान सभेत यावर जोरदार वाद झाला होता. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ही कलमे चर्चेला आली तेव्हा हरी विष्णू कामत यांनी त्यांच्यावर कडाडून हल्ला चढवला. कामत पूर्वी आयसीएस अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात आले आणि पुढे होशंगाबादचे खासदार झाले. जर्मनीच्या वायमार राज्यघटनेतील आणीबाणीच्या अधिकारांचा वापर करून तिथे हुकूमशाही कशी आली, याची आठवण त्यांनी सभेला करून दिली. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद करता येईल, असे सांगणारे कलम, म्हणजे आजचे ३५९, त्यांना सर्वांत जास्त झोंबले.

बाबासाहेबांची भूमिका वेगळी होती. एरवी संघराज्य असलेला हा देश संकटाच्या वेळी एकसंध उभा राहिला पाहिजे, त्यासाठी केंद्राकडे अधिकार हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. फाळणी, दंगली, हैदराबाद आणि काश्मीरचा प्रश्न समोर असताना ही तरतूद लिहिली जात होती. पण धोक्याकडे त्यांनी डोळेझाक केली, असे म्हणता येत नाही. राज्यांबाबतच्या तरतुदींवर बोलताना त्यांनी दुरुपयोगाची शक्यता नाकारली नाही. ही कलमे वापरण्याची वेळच येऊ नये आणि ती कागदावरच राहावीत, अशी आशा त्यांनी व्यक्त केली.

याच बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी, मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणाऱ्या कलमाला, म्हणजे आजच्या ३२ व्या कलमाला, संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. कलम ३२ आणि कलम ३५९ एकाच ग्रंथात आहेत. एक दार उघडते, दुसरे ते काही काळ बंद करू देते. कोणते दार किती काळ उघडे राहील, हे ते चालवणाऱ्या माणसांवर आणि त्यांना विचारणाऱ्या माणसांवर अवलंबून असते. लिमये हे त्या विचारणाऱ्यांपैकी होते.

१९६४ : पहिल्या दिवसापासून आणीबाणी

मुंगेर मतदारसंघातून १९६४ च्या पोटनिवडणुकीत लिमये लोकसभेत आले. त्या वेळी देशात आणीबाणी होती. आजच्या तरुणांना याचे आश्चर्य वाटते. चीनच्या आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी ती जाहीर झाली. युद्ध महिनाभरात थांबले. आणीबाणी उठली ती १० जानेवारी १९६८ रोजी. १९६७ ची सार्वत्रिक निवडणूक देशाने आणीबाणीतच दिली.

या काळात भारत संरक्षण नियमांखाली विरोधकांना अटक करणे सोपे झाले होते. खासदार डॉ. राममनोहर लोहिया यांना ऑगस्ट १९६५ मध्ये पाटण्यात याच नियमांखाली स्थानबद्ध केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६५ मध्ये त्यांची सुटका केली. 'कायदा व सुव्यवस्था' बिघडणे, 'सार्वजनिक सुव्यवस्था' बिघडणे आणि 'राज्याची सुरक्षा' धोक्यात येणे ही तीन वेगवेगळी वर्तुळे आहेत, एकाच्या नावावर दुसऱ्याचा अधिकार वापरता येत नाही, हे तत्त्व त्या निकालातून आले. आजही स्थानबद्धतेचे आदेश रद्द करून घेताना वकील हाच निकाल दाखवतात.

३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध सुरू झाल्यावर पुन्हा आणीबाणी लागली. ती १९७५ मध्ये चालूच होती. म्हणजे इंदिरा गांधींनी जून १९७५ मध्ये जाहीर केली ती आधीच्या आणीबाणीवर चढवलेली दुसरी आणीबाणी होती. १९७१ चा मुंगेरमधील पराभव सोडला तर लिमये १९६४ ते १९७९ या काळात चार लोकसभांमध्ये होते, १९७३ पासून बांका मतदारसंघातून. या कारकिर्दीचा साधारण निम्मा काळ देश कोणत्या ना कोणत्या आणीबाणीखाली होता.

नियमांचे पुस्तक हेच हत्यार

सभागृहात त्यांच्याकडे संख्याबळ कधीच नव्हते. त्यांनी भर दिला तो नियमांवर. प्रश्नोत्तराचा तास, स्थगन प्रस्ताव, हक्कभंग आणि हरकतीचा मुद्दा ही साधने त्यांनी इतक्या अभ्यासाने वापरली की ते बोलायला उठले म्हणजे मंत्री कागद चाळू लागत. मंत्र्याने सभागृहाला चुकीची माहिती दिली तर ते जुने उत्तर, तारीख आणि नियम क्रमांक यांसह ती उघडी पाडत. १९७४ मध्ये आयात परवान्यांचे प्रकरण गाजले. खासदारांच्या खोट्या सह्यांचे निवेदन वापरून व्यापाऱ्यांसाठी परवाने मागितल्याचा तो आरोप होता. त्यात सरकारला धारेवर धरणाऱ्यांत लिमये आघाडीवर होते.

आमच्यासारख्या वस्तीत काम करणाऱ्यांना यात एक ओळखीची गोष्ट दिसते. रेशन दुकानदाराला 'तू चोर आहेस' म्हटले की भांडण होते. 'शासन निर्णय अमुक तारखेचा, त्यात युनिटमागे इतके किलो लिहिले आहे, नोंदवही दाखवा' असे म्हटले की दुकानदार गप्प होतो. लिमये केंद्र सरकारशी हेच करत होते.

लखीसराय : 'मला का पकडले?'

६ नोव्हेंबर १९६८ रोजी मुंगेरजवळच्या लखीसराय रेल्वे स्थानकावर लिमये आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. तिथे जमावबंदीचा आदेश होता. त्यांना अटकेचे कारण सांगितले गेले नाही. 'जामीनपात्र कलमांखाली अटक आहे' एवढेच उत्तर मिळाले. त्यांनी त्याच दिवशी पत्राच्या रूपात सर्वोच्च न्यायालयाकडे कलम ३२ खाली अर्ज पाठवला आणि पुढे स्वतःच युक्तिवाद केला.

न्यायालयाने त्यांच्या सुटकेचा आदेश दिला. कलम २२(१) सांगते की अटक केलेल्या माणसाला शक्य तितक्या लवकर अटकेची कारणे कळवलीच पाहिजेत. ती कळवली नाहीत तर अटक टिकत नाही. दंडाधिकाऱ्याने नंतर यांत्रिकपणे कोठडीचा आदेश दिला म्हणून मूळ दोष धुतला जात नाही. निकालाचा हा गाभा होता.

जमावबंदीचे कलम १४४ आणि शांततेचा बाँड मागणारे कलम १०७ घटनाबाह्य ठरवा, ही त्यांची दुसरी मागणी होती. तिच्यावर १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने निकाल दिला. तिथे ते हरले. कलमे वैध ठरली. पण न्यायालयाने त्यांना कुंपण घातले : जमावबंदीसाठी परिस्थिती खरोखर तातडीची हवी, आणि दंडाधिकाऱ्याने चौकशी सुरू न करताच अंतरिम बाँड मागून माणसाला अडकवून ठेवणे चालणार नाही. आज ही कलमे १६३ आणि १२६ या क्रमांकांनी नव्या संहितेत आहेत. कुंपण अजून तेच आहे.

'मला का पकडले?' हा प्रश्न एका खासदाराने लावून धरला आणि त्याचा फायदा आज नाक्यावरून उचलल्या जाणाऱ्या कुठल्याही पोराला मिळू शकतो. मात्र त्याला तो प्रश्न विचारता आला पाहिजे.

जून १९७५ आणि नंतर

घटनाक्रम थोडक्यात असा. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त स्थगिती दिली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी 'अंतर्गत अशांतते'च्या कारणावरून आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. २७ जूनच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ खालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. कामतांना ज्याची भीती वाटत होती, ते हेच कलम ३५९.

जुलैमध्ये संसद भरली. अनेक विरोधी खासदार तुरुंगात होते. प्रश्नोत्तराचा तास स्थगित केला गेला. लोकसभेने ३३६ विरुद्ध ५९ मतांनी आणीबाणीला मान्यता दिली. घोषणेला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, अशी ३८ वी घटनादुरुस्ती झाली. सगळे 'नियमानुसार' झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संसद बंद झाली नव्हती. तिला फक्त प्रश्न विचारता येत नव्हते.

लिमये यांना जुलै १९७५ मध्ये अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे 'मिसा'खाली, स्थानबद्ध केले गेले. फेब्रुवारी १९७७ पर्यंत ते मध्य प्रदेशातील वेगवेगळ्या तुरुंगांत होते. शाह आयोगाच्या नोंदीनुसार मिसा आणि भारत संरक्षण नियम मिळून देशभरात १,१०,८०६ माणसे पकडली गेली.

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मताने निकाल दिला : आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट मत दिले होते. न्या. हंसराज खन्ना एकटेच विरोधात उभे राहिले. त्यांची सरन्यायाधीशपदाची संधी पुढे हुकली. २०१७ मध्ये, खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला. त्यासाठी ४१ वर्षे लागली.

पाच वर्षे संपली

आता त्या कृतीकडे येऊ, जिच्यासाठी लिमये आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

पाचवी लोकसभा मार्च १९७१ मध्ये निवडून आली होती. तिची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणी चालू असताना संसद कायदा करून लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्षाने वाढवू शकते, असे संविधानात आहे. सरकारने तो अधिकार वापरला आणि निवडणूक पुढे ढकलली. नोव्हेंबरमध्ये मुदत पुन्हा वाढवली. शिवाय ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेचा कार्यकाळ कायमचाच सहा वर्षांचा केला.

तुरुंगातल्या लिमये यांनी लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. जबलपूरमधून निवडून आलेले तरुण खासदार शरद यादव हेही तुरुंगात होते. त्यांनीही राजीनामा दिला. म्हणणे साधे होते. लोकांनी आम्हाला पाच वर्षांसाठी निवडले. पाच वर्षे संपली. सहाव्या वर्षाचा अधिकार लोकांनी दिलेला नाही, सरकारने स्वतःला दिला आहे, आणि आम्ही त्याचे वाटेकरी होणार नाही. दिल्लीतले खासदारकीचे घर रिकामे करण्याचा निरोप त्यांनी पत्नी चंपा लिमये यांना पाठवला, ही आठवण त्यांच्या निकटच्या लोकांनी अनेकदा सांगितली आहे.

या निर्णयावर आक्षेप घेता येतो. सगळे विरोधी खासदार या वाटेने गेले नाहीत. सभागृहात उरलेल्या मूठभर आवाजांची तिथे गरज होती, असे म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या वर्गातही यावर दोन तट पडले. एक मुलगी म्हणाली, "खुर्ची सोडून काय मिळवलं? सरकारला बरंच झालं." तिला उत्तर देताना आम्हाला असे वाटले की राजीनाम्याने सरकार हलले नाही हे खरेच, पण मुदतवाढ हा बेकायदा नसलेला अन्याय होता. कायद्याच्या पुस्तकात तो बसत होता. अशा वेळी तो अन्याय आहे हे दाखवायला स्वतःच्या फायद्याची वस्तू सोडण्यापलीकडे तुरुंगातल्या माणसाजवळ फारसे काही उरत नाही. लिमये यांनी ती सोडली. पुढे त्यांनी खासदारकीचे निवृत्तिवेतन घेतले नाही आणि स्वातंत्र्यसैनिकाचेही घेतले नाही.

आपल्या वस्त्यांनी काय पाहिले

आणीबाणीचा विषय निघाला की आपल्याकडच्या काही वडीलधाऱ्यांकडून 'तेव्हा शिस्त होती' असे ऐकू येते. ते थट्टेवारी नेण्यासारखे नाही. वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जागा आणि कर्जमुक्तीची भाषा होती. वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. अस्पृश्यताविरोधी कायदा कडक होऊन १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. दलित चळवळीतल्या काही नामवंतांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला. नामदेव ढसाळ त्यांपैकी एक होते. गावगाड्यातल्या जुलमाने पिचलेल्या माणसाला दिल्लीतले भक्कम सरकार हा आधार वाटला, यात नवल नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजू त्याच वस्त्यांत लिहिली गेली. मुंबईत मानखुर्दजवळची जनता कॉलनी मे १९७६ मध्ये पाडली गेली आणि हजारो कुटुंबांना चीता कॅम्पात हलवले गेले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सक्तीचा वरवंटा गरीब, दलित, मुस्लिम आणि भटक्या समाजांवर अधिक फिरला. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारी विधानसभा महाराष्ट्राची होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा 'राज्यसंस्था' हा शब्द पुस्तकात होता. वस्तीत काम करताना कळले की राज्यसंस्था म्हणजे बुलडोझर घेऊन येणारा अधिकारी, आणि त्याच्याकडे नोटीस मागण्याची आपली ताकद. आणीबाणीत तो अधिकारी होता आणि ही ताकद काढून घेतली होती. वरून आलेला चांगला कायदा आणि वरून आलेला बुलडोझर यांत निवड करण्याचे साधन म्हणजे न्यायालय, वृत्तपत्र, सभागृह आणि मोर्चा. ते नसेल तर मिळेल ते घ्यावे लागते.

काय बदलले आणि काय राहिले

मार्च १९७७ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले. लिमये बांकामधून पुन्हा निवडून आले. मंत्रिमंडळात ते गेले नाहीत. जनता सरकारच्या काळात १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती झाली. तिने केलेले बदल आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावेत :

- 'अंतर्गत अशांतता' हे कारण गेले, त्याजागी 'सशस्त्र बंड' आले.
- आणीबाणीचा निर्णय मंत्रिमंडळाने लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना घोषणा करता येत नाही.
- महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता लागते, आणि ती दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते.
- लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागणी केली तर आणीबाणी उठवण्यावर विचार करण्यासाठी १४ दिवसांत विशेष बैठक घ्यावी लागते.
- कलम २० आणि २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही थांबवता येत नाही.
- लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे झाली.

शेवटचा मुद्दा वाचताना तुरुंगातून पाठवलेला तो राजीनामा आठवावा.

राहिले तेही लिहिले पाहिजे. १९७७ च्या अखेरीस जनता सरकारनेच प्रतिबंधक स्थानबद्धता फौजदारी प्रक्रिया संहितेत आणण्याचे विधेयक मांडले. पक्षातूनच विरोध झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. आणीबाणी भोगलेल्यांनाही या अधिकाराचा मोह सुटला नव्हता. मिसा १९७८ मध्ये रद्द झाला. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. १९८१ मध्ये महाराष्ट्राचा झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांविरुद्धचा स्थानबद्धता कायदा आला. आपल्या वस्त्यांत तो 'एमपीडीए' म्हणून ओळखला जातो. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. ४४ व्या दुरुस्तीत स्थानबद्धतेची मुदत आणि सल्लागार मंडळ यांबाबत नागरिकाला अधिक संरक्षण देणारे एक कलम आहे. संसदेने ते मंजूर केले, पण ते लागू करण्याची अधिसूचना आजवर एकाही सरकारने काढलेली नाही. यात सगळे पक्ष आले.

लिमये यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जनता पक्षाच्या सदस्याने राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचाही सदस्य असावे का, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद त्यांनी लावून धरला. १९७९ मध्ये सरकार पडले तेव्हा अनेकांनी त्यांना दोष दिला. तत्त्वासाठी सरकार घालवले, असे काही म्हणतात. तत्त्व बरोबर होते, असेही काही म्हणतात. १९८० ची निवडणूक ते हरले. नंतर सक्रिय राजकारणातून बाजूला होऊन त्यांनी उरलेली वर्षे लेखनाला दिली. इंग्रजी, हिंदी आणि मराठीत त्यांची मोठी ग्रंथसंपदा आहे. मनू, गांधी आणि आंबेडकर यांच्यावरील निबंधांचे त्यांचे पुस्तकही त्यात आहे. ८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आपण काय करायचे

आपल्या अभ्यासवर्गांत संविधानाची उद्देशिका वाचली जाते, आणि ती वाचावीच. सोबत कलम २२ आणि ३२ वाचावे. कलम ३५२ आणि ३५९ हेही वाचावे, कारण आपल्या ग्रंथातली अवघड पाने आपल्यालाच ठाऊक नसतील तर ती दुसरे कोणी आपल्याविरुद्ध वाचेल.

नोटीस आली तर फाडू नये आणि घाबरू नये. तारीख, कलम, सही पाहावी, प्रत ठेवावी, लेखी उत्तर द्यावे. कोणाला ताब्यात घेतले तर पहिला प्रश्न अटकेच्या कारणाचा विचारावा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले का, हे पाहावे. आपल्या भागातल्या आमदार-खासदारांनी प्रतिबंधक कायद्यांवर सभागृहात काय विचारले, हे वर्षातून एकदा तरी तपासावे. काहीच विचारले नसेल तर तेही लोकांना सांगावे.

त्या मुलाने नोटिशीला उत्तर लिहिले. मोर्चा शांततेत काढणार आहोत, कोणता दखलपात्र गुन्हा होणे अपेक्षित आहे ते कृपया कळवावे, असे त्यात होते. मसुदा वर्गाने मिळून केला. त्याची आई ते उत्तर द्यायला त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेली आणि पोच घेऊन आली. मोर्चाच्या दिवशी दोघेही आले होते.